देवापेक्षा एक बोट खाली

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर निम्मी गोष्ट भिंतच ऐकून टाकील. आज तुम्हाला एका बुटक्या स्टुलाची गोष्ट सांगायची आहे. हसू नका. आमच्या बुवांनी एकदा एका फाटक्या घोंगडीवर दोन तास कीर्तन लावलं होतं आणि शेवटी मंडळींनी त्या घोंगडीला हात जोडले होते. स्टूल त्या मानानं मोठी वस्तू, चार पायांची. तेव्हा कपाळाला बुक्का लावा, बाहेर काढून ठेवलेल्या वहाणांत अडकलेलं मन आत आणा, आणि ऐका.

सदूअण्णा अलिबागच्या कोर्टात नकला करणारा कारकून. दुसऱ्यांच्या भांडणांच्या प्रती काढता काढता त्याची वीस वर्षं गेली होती, आणि त्या भांडणांची धूळ अंगाला लागू नये म्हणून की काय, तो कीर्तनाला जाई. बाजारामागच्या रामाच्या देवळात डावीकडच्या तिसऱ्या खांबाशी त्याची जागा. बसला की डोळे मिटायचे ते आरतीलाच उघडायचे. डोळे मिटून ऐकलेली कथा हाडापर्यंत जाते असं तो म्हणायचा, आणि त्याला ते खरंच वाटायचं. एकोणीसशे तेहतीस सालच्या माघात एक एकादशी रविवारी आली. तिसऱ्या प्रहरी कीर्तन उभं राहिलं, पूर्वरंग संपला, बुवांनी कथेला हात घातला आणि नेमका तेव्हाच सदूअण्णाला ठसका लागला. कथेत खोकणं म्हणजे दुसऱ्याच्या पानात हात घालणं. तो तोंडाला उपरणं लावून मागच्या दारानं विहिरीकडे गेला. पाणी प्याला, वळला, तर देवळाच्या मागच्या भिंतीशी, खिडकीचा गज एका हातानं धरून नीराबाई उभी होती. त्याची बायको. दुसऱ्या हातात फुलांची रिकामी परडी, कुणी गल्लीतून गेलंच तर फुलं तोडायला निघाले आहे असं दिसावं म्हणून. उजवा पाय बगळ्यासारखा जमिनीवरून जरासा उचललेला. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तिनं त्याला पाहिलं नाही. तो खाकरलाही नाही. जसा आला तसाच आत गेला, खांबाशी बसला, डोळे मिटले, पण त्या दिवशी मिटलेल्या डोळ्यांआड बुवा नव्हते, राम नव्हता. एक उचललेला पाय होता.

दोन वर्षं झाली होती. विहिरीच्या पायरीवरून घसरून तिचा गुडघा दुखावला, लेप झाले, शेक झाले, चालता येऊ लागलं, पण मांडी घालून बसलं की उठता येईना. त्या श्रावणात आरतीला सगळ्या बायका उठल्या आणि ती राहिली. दोघींनी काखेत हात घालून तिला ओढलं, डोईवरचा पदर खाली आला, आणि शेजारची वेणूबाई म्हणाली, "नीरावैनीला उठवायला आता रहाटच लावा." बायका हसल्या. नीराबाईही हसली. हसू बरं होतं, त्यात विष नव्हतं. पुरुषांच्या बाजूला ते ऐकू आलं तेव्हा सदूअण्णासुद्धा हसला होता. ते आपलं हसणं त्याला आता आठवलं, अगदी आवाजासकट. त्यानंतर ती म्हणाली होती, "मी घरीच नाव घेत जाईन हो. देव काय देवळातच असतो का?" आणि हा शहाणा ते ऐकून भारावला होता. कोर्टात शिरस्तेदारांना त्यानं सांगितलं होतं की आमची मंडळी आता पुढच्या पायरीवर गेली, तिला देऊळ लागत नाही. पुढची पायरी. तिला आहे तीच पायरी चढवत नव्हती. लग्न झालं त्या वर्षी कीर्तनाहून घरी येताना ती गल्लीभर बुवांचा आवाज काढून कथा पुन्हा सांगायची, झांजेचा ठेका तोंडानं धरायची, तो इकडेतिकडे बघत म्हणायचा, अगं हळू. गेली दोन वर्षं तो एकटाच गप्प घरी येत होता, आणि त्या गप्प येण्याला त्यानं मनातल्या मनात वैराग्य असं नाव दिलं होतं. माणसाला स्वतःची नक्कल किती सुबक काढता येते.

उपाय काय? पहिल्यांदा मनात खुर्ची आली, आणि खुर्चीपाठोपाठ ते मामलेदार. या देवळाचा एक दंडक होता. कीर्तनात सारे जमिनीवर, बुवा उभे, आणि जमिनीवरून वर उचललेलं असं एकच आसन, उत्सवमूर्तीचा चौरंग. देवापेक्षा उंच कुणी बसायचं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी एक मामलेदार आले तेव्हा कुणीतरी खुर्ची आणून ठेवली. बुधाजी गुरव पुढे झाला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून अदबीनं म्हणाला, "साहेब, हिच्यावर मी तुमची टोपी ठेवतो," आणि टोपीसकट खुर्ची ओसरीवर नेऊन ठेवली. मामलेदार जाजमावर बसले. अख्ख्या अलिबागनं बुधाजीला मनात नमस्कार केला, सदूअण्णानं दोनदा. आता तोच बुधाजी त्याला डोळ्यांपुढे दिसू लागला, नीराबाईच्या खालचं आसन अदबीनं काढून घेताना. तसं झालं तर ती खिडकीशीसुद्धा येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे आसन हवं, पण देवापेक्षा खाली हवं. आणि सुताराला सांगावं तर सुतार विचारणार, कुणासाठी? मग गावभर. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्यानं स्वतःशीही नीट शब्दांत मांडली नाही: तो आत बसला होता आणि ती बाहेर उभी होती, तर आता हात त्याचेच दुखायला हवेत. रामनवमीला अजून दोन महिने होते. रामनवमीच्या कीर्तनाला नीराबाई आत बसली पाहिजे. एवढंच.

चौरंगाचं माप घ्यायला तो सोमवारी दुपारच्या सुट्टीत गेला. देवाच्या आसनाला फूटपट्टी लावताना कुणी पाहिलं तर काय सांगायचं? म्हणून नमस्काराला वाकला आणि वाकल्या वाकल्या चौरंगाच्या पायाशी पंजा पसरला. एक वीत आणि चार बोटं. ठरलं. नीराबाईचं आसन एक वीत आणि तीन बोटं. देवापेक्षा एक बोट खाली. त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. त्या एका बोटात सगळी नम्रता मावली होती.

खाडीच्या काठी, कोळीवाड्याच्या पलीकडे, त्या वर्षी एक नवा पडाव, म्हणजे मालाचं मोठं गलबत, बांधत होते. बांधणारा मिस्त्री आगरदांड्याचा फकरुद्दीन. माणूस माडासारखा उंच, दाढी मेंदीनं रंगवलेली, तळहात एकेक सुपाएवढा. सदूअण्णाची त्याची ओळख कोर्टातली. दोन बोटींच्या टकरीत फकरुद्दीन साक्षीला आला होता. वकिलानं विचारलं, बोटीची लांबी किती फूट? मिस्त्री म्हणाला, फूट कुनाचा ते मला ठाव न्हाय, माज्या हातानं सव्वीस हात. आणि कोर्टाला आपला हात दाखवला. ही साक्ष सदूअण्णानंच सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. लक्षात ठेवायला हवी होती. पण नक्कल काढणाऱ्याच्या डोक्यात अक्षरं राहत नाहीत, हातातून खाली जातात.

"बुटकं स्टूल?" फकरुद्दीन म्हणाला. "अवो अण्णा, ते मी नमाजाला जाता जाता करून दीन."

"नको मिस्त्री. मलाच करायचंय. तुम्ही फक्त दाखवा."

"कधी रंधा धरलाय?"

"टाक धरलाय."

फकरुद्दीननं त्याच्या बोटांकडे पाहिलं. शाईनं निळं झालेलं मधलं बोट त्यानं उचलून बघितलं, जणू त्याच्यातही रेषा कुठल्या दिशेनं जातात ते पाहत होता. मग म्हणाला, "कुनासाठी?" सदूअण्णानं ते बोट मुठीत मिटून घेतलं. मिस्त्रीनं पुन्हा विचारलं नाही. फणसाची एक फळी काढून दिली, पडावाच्या कामातून उरलेली, आणि चार ओबडधोबड तुकडे, पायांसाठी.

पुढचे पन्नास दिवस सदूअण्णा कोर्ट सुटलं की खाडीकडे वळायचा. त्या दिवसांबद्दल त्याला नंतर काही विचारलं तर तो नीट सांगू शकत नसे. वास आठवायचा. फणसाचं लाकूड तासलं की फळाचा वास येतो असं लोकांना वाटतं. तसा तो येत नाही, फळाच्या आठवणीचा येतो. पिवळाजर्द भुसा धोतराच्या निऱ्यांत बसायचा, नखांत बसायचा, कोर्टात कागदावर सांडायचा. पहिल्या दिवशी त्यानं रंधा फिरवला तर फळीनं साळिंदरासारखे काटे उभे केले. "उलट्या केसावरनं हात फिरवताव," फकरुद्दीन दुरून ओरडला, "मांजर पन चावंल." मग फळी वळवली, आणि रंध्यातून एक लांब, पातळ, सोनेरी साल अलगद वर आली, वळली, त्याच्या मनगटावर पडली. सदूअण्णाला एकदम आपले वडील आठवले. कशाचं काय, पण आठवले. त्याला खांद्यावर घेऊन कीर्तनाला उभे असलेले, गर्दीत पुढचं दिसावं म्हणून. त्याच्या मांडीखाली वडिलांच्या मानेची ऊब. त्यांनी कधी तोंडानं देव सांगितला नाही. फक्त उंच धरलं. ती साल त्यानं खिशात घातली आणि रंधा पुन्हा लावला. लाकडाला खोटं बोललेलं चालत नव्हतं. कागदावर शब्द चुकला तर खरवडून वर दुसरा लिहिता यायचा. इथे जे गेलं ते गेलं. याची त्याला पहिल्यांदा धास्ती वाटली, आणि मग, का कोण जाणे, मोकळं वाटलं.

पायांचं माप सांगायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "फळी धरून एकूण उंची एक वीत तीन बोटं." फकरुद्दीननं पहिला पाय मांडीवर घेतला, अंगठा टेकवला, करंगळी ताणली, पुढे तीन बोटं ठेवली, वरच्या फळीची जाडी वजा केली, कानामागचा कोळसा काढून रेघ मारली. चारही पायांना तसंच. सदूअण्णा ते बघत होता. त्या पंजानं एकोणीस गलबतं पाण्यात उतरवली होती, एकही बुडालं नव्हतं. त्या पंजावर शंका घ्यायची कुणी? त्यानं करवत घेतली आणि त्या चार रेघांवर चार संध्याकाळी घालवल्या. करवत पळायची, तो पाठी. एकदा पटाशी सटकून अंगठ्यावर बसली. दुसऱ्या दिवशी कोर्टात टाक धरवेना.

"अंगठ्याला काय झालं?" शिरस्तेदारांनी विचारलं.

"नारळ सोलताना लागलं."

"आणि हे कानात पिवळं काय?"

"हळद असेल."

घरी नीराबाई काही विचारत नव्हती, आणि तेच जास्त जड जात होतं. ती धोतर झटकायची, भुशाकडे बघायची, पाटावर वाढायची. एक दिवस वेणूबाई कुंपणावरून म्हणाली, "नीरावैनी, तुमच्या ह्यांना हल्ली खाडीचं वारं लागलंय म्हणतात. कोळणीबिळणीच्या तर नाही ना नादी लागले?"

"लागले असतील," नीराबाई आतून म्हणाली. "निदान ताजे बोंबील तरी मिळतील."

सदूअण्णा ओटीवर बसून हे ऐकत होता. त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. किती दिवसांनी तिच्या आवाजाला अशी धार चढली होती.

पायांच्या टोकांना जिभा काढून त्या फळीच्या भोकांत बसवायच्या होत्या. फकरुद्दीनला नावेचंच शास्त्र ठाऊक, त्यानं भोकांच्या कडेला राळेत बुडवलेला कापूस ठोकायला लावला. "हे स्टूल समुद्रात टाका, अण्णा. थेंब आत शिरला तर माजी दाढी उतरवीन." रामनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी ते उभं राहिलं. चारही पाय जमिनीला एकदम टेकले. सदूअण्णानं त्याच्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. प्रदक्षिणा होते आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. उपरण्यात गुंडाळून त्यानं ते घरी आणलं, ओटीवर ठेवलं, आणि हातपाय धुऊन देवळात गेला, दर्शनाला म्हणून. खरं म्हणजे त्याला ते एक बोटाचं अंतर पुन्हा एकदा डोळे भरून पाहायचं होतं. वाकला, पंजा पसरला. एक वीत चार बोटं. घरी आला, दारातच वाकला, स्टुलाला पंजा लावला.

एक वीत आणि सात बोटं.

पुन्हा लावला. सात. मग त्याच्या डोळ्यांपुढे मिस्त्रीचा तो सुपाएवढा तळहात आला, कोर्टात दाखवलेला. वीत ज्याची त्याची असते. शेतांच्या, बांधांच्या, भिंतींच्या शेकडो नकला काढणाऱ्याला एवढं कळू नये? स्टूल देवापेक्षा तीन बोटं वर गेलं होतं. बुधाजी ते उचलून ओसरीवर नेऊन ठेवणार, त्यावर काय ठेवणार, नीराबाईची परडी? हाताशी एकच रात्र. पाय कापायला हवेत. तो उसनी करवत घेऊन परत आला तेव्हा दारातच थबकला.

नीराबाई स्टुलावर बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि उठली. भिंतीला हात न लावता, गुडघ्यावर हात न ठेवता, उठली. उभी राहून क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, जणू कुणी उठवलं ते शोधत होती. पुन्हा बसली. पुन्हा उठली. तिसऱ्यांदा उठताना तिच्या तोंडून बारीक ठेका निघाला, झांजेचा. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं.

"करवत कशाला आणलीत?"

त्यानं सगळं सांगितलं. माप, वीत, तीन बोटं. सांगताना तो करवतीकडेच बघत होता.

"आणि हे माझ्यासाठी का, ते नाही सांगितलंत."

"मला ठाऊक आहे तू कुठे उभी असतेस ते," तो म्हणाला. "माघातल्या एकादशीला मी विहिरीवर पाणी प्यायला आलो होतो."

तिनं वाकून सुपातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "मग हाक का नाही मारलीत?"

"काय म्हणून मारणार?"

"नीरा म्हणून," ती म्हणाली. "कापा मग. देवाच्या वर मी नाही बसायची. मेल्यावर काय तोंड दाखवू?"

"तीन बोटं कापली तरी तुला उठवणार नाही. आणि देवाच्या खाली जायला तर चार कापावी लागतील."

"तर मग राहू दे. खिडकी काय वाईट आहे? वारा तरी लागतो."

ती हे अगदी सहज म्हणाली, आणि त्या सहजपणानं त्याच्या हातातली करवत खाली गेली. त्या रात्री नव्हे, नवमीच्या पहाटे, फटफटताच तो खाडीवर पोचला. फकरुद्दीन पडावाच्या आडोशाला चहा पीत बसला होता. ऐकता ऐकता त्याच्या दाढीत हसू दाटत गेलं. त्यानं पेला ठेवला, सदूअण्णाचा हात ओढून आपल्या हातावर ठेवला. केळीच्या पानावर लिंबाची फोड ठेवावी तसा तो दिसला.

"चूक माजी," तो म्हणाला. "पन बाईला उठता येतंय म्हनताव ना?"

"येतंय. पण देव खाली राहतो."

फकरुद्दीननं खाडीकडे पाहिलं. ओहोटी होती, दोन मचवे चिखलात कलंडून पडले होते. "नाव रुतली तर आमी तिचा तळ कापीत न्हाय, अण्णा. पानी वर यायची वाट बघतो."

"इथे कुठलं पाणी?"

"ईल ना. तुमच्या देवाखाली आपन आनू." आणि तो उठून फणसाची रुंद फळी शोधू लागला.

सदूअण्णाला आधी कळलं नाही. मग कळलं. दोन महिने त्यानं एकच विचार केला होता: बायकोला किती खाली बसवता येईल. देवाला वर उचलावं हे एवढ्या कीर्तनांत त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. वडिलांनी त्याला उचललं होतं, आणि त्यानं सगळी भक्ती वाकण्यात मोजली होती. विचार करायला सवड नव्हती. बाराला जन्म, दहाला कीर्तन. त्यानं रंधा घेतला. पन्नास दिवसांपूर्वीचे हात हे नव्हते; फळी ऐकत होती. चौरंगाचे चार पाय मावतील एवढा रुंद पाट, खाली दोन जाड दांडे. उंची एक मूठ. "कुनाची मूठ?" फकरुद्दीननं विचारलं आणि दोघं हसत सुटले. शेवटी मूठ मिस्त्रीचीच धरली. देवाला कमी पडायला नको.

साडेनवाला तो पाट घेऊन देवळात शिरला तेव्हा बुधाजी तोरणं बांधत होता.

"देवाखाली ठेवायला आणलाय," सदूअण्णा म्हणाला. "मागच्या बायामाणसांना मूर्ती दिसत नाही."

बुधाजीनं पाटावरून हात फिरवला, बाजू तपासल्या, वास घेतला. "फणस. कुणी केला?"

"मी."

"तुम्ही?" बुधाजीनं त्याच्या अंगठ्याच्या काळ्या नखाकडे पाहिलं. त्याला पटलं असावं. पाटावर पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या, आणि दोघांनी मिळून चौरंग उचलून त्यावर ठेवला. राम वर गेला. आता तो दारातूनसुद्धा दिसत होता.

मग नीराबाई आली. पुढच्या दारानं. सदूअण्णा पाठीमागून स्टूल घेऊन चालत होता, आणि बायकांच्या बाजूची कुजबुज त्याच्या कानशिलांना जाळत होती. त्यानं स्टूल भिंतीशी ठेवलं आणि तो खांबाकडे जायला वळला तोच बुधाजी येताना दिसला, अदबीनं, हात पुढे करून. पण नीराबाई बसली नव्हती. ती स्टुलाशी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बुधाजीबाबा, मला खाली बसून उठता येत नाही. म्हणून ह्यांनी हे केलंय. देवाच्या वर होत असेल तर मी जाते. तुम्हीच मोजा."

दोन वर्षं जे लपवलं ते तिनं असं उघडं मांडून टाकलं, आणि सदूअण्णाला वाटलं, आपण स्टूल केलं खरं, पण उठली ती आत्ता. बुधाजी चौरंगाशी बसला, पाटासकट वीत लावली. मग गुडघ्यांवर हात टेकत स्टुलाकडे आला, वीत लावली. पुटपुटला. पुन्हा चौरंगाकडे गेला. म्हातारा आपल्याच बोटांशी हुज्जत घालत होता. शेवटी त्यानं एक बोट वर धरलं. "एक बोट खाली," तो म्हणाला. "बसा, नीराबाई." आणि उपरण्यानं स्टूल पुसून दिलं.

"सदूअण्णा," वेणूबाई तिकडून म्हणाली, "असंच एक माझ्यासाठी पण करा हो. माझे गुडघे तर सासूच्या आधीच म्हातारे झालेत. सांगायची लाज वाटत होती इतकंच."

कीर्तन उभं राहिलं. सदूअण्णा तिसऱ्या खांबाशी बसला, आणि मोठेपणी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून त्यानं कीर्तन ऐकलं. बुवांना घाम येतो, ते टाळ धरण्याआधी धोतराला हात पुसतात, झांजवाल्याला मधूनच जांभई येते. हे सगळं त्याला नवीन होतं, आणि या सगळ्यातून कथा वाहत होती, जराही न सांडता. बायकांच्या बाजूचं त्याला पुरतं दिसत नव्हतं. दोन खांबांच्या फटीतून स्टुलाचा एक पाय दिसायचा आणि त्यावर लुगड्याचा हिरवा काठ. तेवढ्यावर तो दोन तास बसला. बारा वाजले. घंटा, गुलाल, फुलं. मंडळी उठली, पाळण्याकडे लोटली, आणि त्या लोटात तो मान उंच करकरून फटीतून बघत राहिला, कोण तिला हात देतंय, कोण ओढतंय. गुलाल खाली बसला. स्टूल दिसलं, सगळंच्या सगळं. रिकामं होतं. शेजारच्या बायका अजून एकमेकींना हात देऊन उठत होत्या, आणि पलीकडे पाळण्याच्या दोरीपाशी सगळ्यांच्या आधी पोचलेला एक आवाज जन्माचा पाळणा म्हणत होता, जरा चढ्या सुरात, बुवांची थोडी नक्कल करत.

त्याच आठवड्यात पुनवेच्या भरतीला पडाव पाण्यात उतरला आणि फकरुद्दीन मिस्त्री आगरदांड्याला निघून गेला. जाण्याआधी त्याला सुंठवडा पोचला, नीराबाईनं स्वतः नेऊन दिला. त्या देवळात राम त्या पाटावरून पुन्हा कधी खाली आला नाही. तेव्हा मंडळी, आता आरतीला उठाल. ज्यांना उठवतं ते उठतील, ज्यांना उठवत नाही त्यांना शेजारी हात देतील. देवाकडे बघाल तेव्हा आगरदांड्याच्या त्या रुंद पंजाच्या फकरुद्दीन मिस्त्रीची एकवार आठवण काढा. माझं एवढंच मागणं आहे.